तेलाचा कपडा

३ फेब्रुवारी

खटपट्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही. मीच आहे, तुझी ताई. आपलं बोलणं बंद आहे हे माझ्या चांगलं लक्षात आहे. पण सुरुवात तू केलीस. काल तुझ्या जहाजावरचा आचारी दुकानात आला. नोकरी सोडून घरी निघालोय म्हणाला, आणि काउंटरवर एक बोचकं ठेवलं. "तुमच्या भावानं दिलंय. ताईकडे ठेवा म्हणाला." आणखी काही म्हणाला का, विचारलं, तर म्हणे, घाईत होता. तू कधी घाईत नव्हतास?

दोन वर्षं ना फोन ना चिठ्ठी, आणि एकदम धुणं! मी गाठ सोडली आणि हसत सुटले. शाळेत असताना भांडलास की हेच करायचास. तोंडानं बोलायचं नाही, मळलेला शर्ट गुपचूप माझ्या टोपलीत आणून टाकायचा. मी तो धुऊन तुझ्या उशाशी ठेवला की भांडण मिटलं. एवढा इंजिनिअर झालास तरी माफी मागायची पद्धत तीच राहिली. हसता हसता थोडं रडूही आलं, पण ते सोड.

कपडा बघून मात्र डोकं फिरलं. पांढरा बॉयलर सूट, छातीवर 'चीफ इंजिनिअर' अशी पट्टी. आधी वाटलं तुला बढती मिळाली. मग तो अंगासमोर धरला, तर त्यात दोन खटपटे आरामात मावले असते. म्हणजे आता साहेबांचं धुणंही बहिणीच्या गळ्यात! आणि काय त्याची दशा! हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिकट गाळानं माखलेले. ते साधं इंजिनचं तेल नव्हे. जहाजाच्या तळाशी तेल, पाणी आणि गंज साचून कुजतं ना, ते. शेजारच्या किल्लीवाल्यानं वासानं दार लावून घेतलं.

बाबांचा नियम तुला आठवतो ना? तेलाचा कपडा रात्रभर ठेवायचा नाही. आपलं जुनं दुकान त्यातच गेलं. कोपऱ्यातला तेलकट कपड्यांचा ढीग आतल्या आत तापत गेला आणि कुणी काडी न लावता पेटला. तेव्हापासून या घरात तेलाचा कपडा आला त्याच दिवशी धुतला जातो. तेव्हा हातातलं सगळं बाजूला ठेवलं. आधी चमच्याच्या पाठीनं गाळ खरवडला. मग रॉकेल चोळलं, मग सोड्यात उकळला, मग ब्रश, मग परत सोडा. शिवणी तर मी जुन्या दात घासायच्या ब्रशानं एकेक करून घासून काढल्या. कॉलरवर घामाचा पिवळा पट्टा होता, तोही ठेवला नाही. शेवटी नीळ दिली. वाळल्यावर उन्हात धरला तर डोळे दिपले. खोटं वाटेल, पण इतकं चांगलं काम माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

मशीनमध्ये धुतला का, हा प्रश्न तू विचारणार, म्हणून आधीच सांगते. नाही. तुझं मशीन आहे तिथंच आहे, आणि हो, त्याच्यावर अजून ब्लँकेटं रचलेली आहेत. पहिल्या पगारातून आणलंस, मी वापरलं नाही, तू बघितलंस आणि "माझी कमाई तुला चालत नाही" म्हणून दार आपटून गेलास. कमाई चालते रे. मशीननं तेल निघत नाही एवढंच माझं म्हणणं होतं, आणि आजही आहे.

सूट घडी करून बाबांच्या कपाटात ठेवलाय. येऊन घेऊन जा. साहेबाचा आहे, हरवला तर तुझ्या पगारातून कापतील. तुझं जहाज या घडीला कुठल्या पाण्यात आहे ते मला कळायला मार्ग नाही, म्हणून पत्र कंपनीच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. ते पोचवतील.

भांडण मिटलं असं मी धरून चालते.

तुझी
ताई

१ मार्च

भाऊ,

काल तुझ्या वकीलबाईंचा फोन आला. तोपर्यंत मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. मी तुझ्या उत्तराची वाट बघत होते आणि तू उत्तर देत नाहीस म्हणून मनात तुला शिव्या घालत होते.

त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. तळाचं तेलकट पाणी यंत्रातून गाळून मगच समुद्रात सोडायचं, गाळ बंदरात उतरवून द्यायचा, असा कायदा आहे. त्याला वेळ लागतो, पैसे पडतात. म्हणून तुमच्या जहाजावर यंत्राला वळसा घालून एक पाइप जोडला होता आणि भर समुद्रात सगळं तसंच सोडून देत होते. परदेशातल्या एका बंदरात तपासणीवाले चढले, त्यांना पाइप सापडला. मागे मैलोन्‌मैल काळा तवंग सापडला. त्या वेळी ड्यूटीवर तू होतास. तू खरं ते सांगितलंस, की चीफ साहेबांनी स्वतः खाली उतरून, माझ्याबरोबर उभं राहून तो पाइप जोडून घेतला. आता तुझा फोन आणि पासपोर्ट त्यांच्याकडे आहे आणि तुला एका हॉटेलात ठेवलंय, दाराशी पहारा.

मग बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे एक कपडा आहे. चीफनं तो जाळायच्या ढिगात टाकला होता, तुमच्या भावानं उचलून आचाऱ्याबरोबर पाठवला. त्याला हात लावू नका. मी माणूस पाठवते."

मी म्हटलं, "आहे ना, कपाटात आहे. अगदी स्वच्छ आहे."

पलीकडे काहीतरी लिहून घेत होत्या, ते पेन थांबलं. 

"स्वच्छ म्हणजे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. चमचा, रॉकेल, सोडा, सगळं सांगितलं. मी अजून कामाचं कौतुकच सांगत होते रे. त्यांनी मधे फक्त एक विचारलं, "मशीनमध्ये धुतलात का? मशीन असेल तर शिवणीच्या आत थोडंफार राहतं, प्रयोगशाळेत सापडतं." मी म्हटलं, "नाही हो, हातानं." मग त्यांनी मला समजावलं. त्या गाळाचं तुमच्या तळाच्या गाळाशी माप जुळलं असतं. कॉलरवरच्या घामावरून तो कुणी घातला होता ते कळलं असतं. साहेब खाली उतरला होता हे नाकारायला जागाच उरली नसती. आणि साहेब अडकला असता, तर त्याला सांगणारी कंपनी अडकली असती. त्यांना असा दंड बसला असता की त्यांचं जहाज त्या किनाऱ्याला पुन्हा लागलं नसतं.

फोन ठेवल्यावर मी सूट काढला आणि ब्लेडनं शिवणी उसवल्या. सगळ्या. बाह्या, खिसे, कॉलर, आतली पट्टी. कुठंतरी एक काळा दोरा असेल म्हणून भिंग लावून बघितलं. सगळं पांढरंशुभ्र. खटपट्या, माझ्यासारखं धुणारं या बंदरात दुसरं कुणी नाही, असं बाबा सगळ्यांना सांगायचे. मी ते तुकडे तसेच बाईंना पाठवून दिले आहेत.

आणखी एक गोष्ट बाई सहज बोलून गेल्या. चीफ पहिले काही दिवस गप्प होता. वकील बदलून मागत होता, रडत होता, आता कबूल करेल असं सगळ्यांना वाटत होतं. मग एक दिवस एकदम ताठ झाला. "मी त्या आठवड्यात तापानं अंथरुणात होतो, खाली पाऊलही टाकलं नाही." असं का झालं ते बाईंना कळत नाही. मला कळलं. तुझ्या हातात माझं पत्र आलं तेव्हा पाकिटाला चिकटपट्टी होती म्हणे. मी कधी चिकटपट्टी लावत नाही, डिंक लावते. कंपनीवाल्यांनी ते आधी वाचलं. कपडा होता हे त्यांना माझ्याकडून कळलं, आणि तो निर्धोक झालाय हेही माझ्याकडूनच.

मी काय लिहू? तू माझ्यावर ओरडशील या आशेवर बसले आहे.

ताई

२४ मार्च

भाऊ,

मागच्यासारखं हेही पत्र वकीलबाईंच्या हाती देतेय, कंपनीच्या नव्हे. एवढी अक्कल आता आली.

तू लिहीत नाहीस. लिहू नकोस. बाई म्हणतात तू जेवतोस, खिडकीशी बसतोस आणि हॉटेलच्या खोलीतला बंद पंखा खोलून दुरुस्त केलास. ते ऐकून मला जरा बरं वाटलं. पहारेकऱ्यानं पाना दिला म्हणजे तो माणूस वाईट नसावा.

इथं सगळं ठीक आहे. कंपनीच्या जहाजांचं धुणं इतकी वर्षं केलं, ते मी बंद केलं. त्यांचा माणूस गाडी घेऊन आला, त्याला दारातून परत पाठवलं. म्हटलं, तुमच्या चादरी तुमच्या तुम्ही धुवा. तेव्हा माझ्यासाठी म्हणून कुठलाही विचार मनात आणू नकोस. दुसरी जहाजं येतात, काम भरपूर आहे, हात दुखेपर्यंत आहे.

परवा त्यांच्या ऑफिसातला एक जण आला होता. गोड बोलणारा, शर्टाला खळ जरा जास्त. बसा म्हटलं नाही तरी बसला. म्हणाला, "ताई, तुमचा भाऊ हुशार आहे, पण हट्टी आहे. साहेबाचं नाव घेऊन त्याला काय मिळणार? मी माझ्या मनानं केलं, एवढं तो लिहून देऊ दे. शिक्षा कमी होईल. खटला चालवला तर वर्षानुवर्षं तिथंच कुजेल."

मी विचारलं, "आणि तुम्हाला काय होईल?"

"आम्हाला दंड होईलच की. आम्ही तो भरणारच. कंपनी कायदा मानते."

"मग पाइप?"

"तो पाइप आमच्या सगळ्या नियमांच्या विरुद्ध होता, ताई. आम्ही प्रत्येकाला प्रशिक्षण देतो." असं म्हणून त्यानं खिशातून एक चकचकीत पुस्तिका काढून माझ्या टेबलावर ठेवली. मुखपृष्ठावर निळा समुद्र आणि एक डॉल्फिन. ती मी भट्टीखाली घातली. चकचकीत कागद, धड जळलाही नाही.

भाऊ, लिहून देऊ नकोस. तू जे केलं नाहीस ते केलं म्हणू नकोस. कपडा गेला, पण तुझं तोंड तर आहे. साहेबानं नामानिराळं व्हायचं आणि खापर तुझ्या डोक्यावर फोडायचं, हे मी होऊ देणार नाही. मी काय करणार आहे ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.

ताई

९ मे

भाऊ,

दीड वर्ष. आणि तुझं सर्टिफिकेट रद्द, कायमचं. बाईंनी सांगितलं तेव्हा मी इस्त्री करत होते. उशीचा एक अभ्रा जळला. वीस वर्षांत पहिला.

तू लिहून दिलंस. मी एवढं सांगूनही दिलंस. मी बाईंवर ओरडले की तुम्ही त्याला थांबवलं का नाही. त्या ऐकून घेत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "त्याला शेवटच्या दिवशी काय सांगितलं गेलं, ते तुम्हाला माहीत आहे का?" कंपनीच्या वकिलानं तुला माझी बिलं दाखवली. एप्रिलची. चादरी, अभ्रे, टॉवेल, खाली माझी सही. "तुझी बहीण आमच्याच धुण्यावर जगते. ती तुला काहीही लिहो. आता तू ठरव." आणि तू पेन मागितलंस.

मी खोटं लिहिलं होतं रे. त्यांचं काम मी सोडलं नव्हतं. मार्चमध्ये एकदा सोडलं, गाडी परत पाठवली, ते खरं होतं. पण या धक्क्यावर आता दुसऱ्या कुणाची जहाजं फारशी लागतच नाहीत. आठ दिवस मी रिकाम्या टोपल्यांकडे बघत बसले आणि मग मीच फोन करून गाडी बोलावली. तुला कळलं तर तू खचशील, म्हणून लिहिलं नाही. तू लढावंस म्हणून मी मोकळी आहे असं दाखवलं, आणि त्यांनी तेच पकडून तुला गुडघ्यावर आणलं.

कंपनीला दंड झाला. पेपरात आकडा मोठ्या अक्षरांत आला होता. मला वाटलं, चला, यांनाही कुठंतरी लागलं. बाई म्हणाल्या, मूळचा याच्या कितीतरी पट होता. पण पाइप एका कर्मचाऱ्यानं स्वतःच्या मनानं लावला असं कबूल झाल्यावर कोर्टानं कमी केला. कंपनीनं तुला नियम शिकवले होते, त्या प्रशिक्षणाच्या कागदावर तुझी सही होती, हेही त्यांच्या बाजूनं धरलं. उरलेला आकडा जहाज दोन-तीन फेऱ्यांत भरून काढेल म्हणे. ते त्याच दुपारी सुटलं. चीफ साहेब जहाजावरच होता. कंपनीनं काखा वर केल्या, कोर्टानं हिशेब मिटवला आणि तू तेवढा मागे राहिलास.

कायदा कडक आहे असं सगळे म्हणतात. असेलही. मला एवढंच दिसतं की जाळं मोठं आहे आणि त्यात तू सापडलास.

पेपरात एक फोटो होता. काही पोरी टबात बसवून समुद्रपक्षी धूत होत्या. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, अगदी माझ्यासारखंच. मी बाईंना विचारलं, जगतात का? त्या म्हणाल्या, बरेचसे नाही. पक्ष्याच्या अंगावर त्याचं स्वतःचं एक तेल असतं, पाण्यापासून वाचवणारं. बाहेरचं तेल काढता काढता ते जातं आणि मग तो गारठतो. मी तो फोटो कापून आरशाला लावलाय. का लावलाय ते विचारू नकोस.

तुरुंगात तुला काय काम दिलंय ते कळव. नको कळवूस. कळव.

ताई

१६ ऑक्टोबर

खटपट्या,

तुझं पहिलं पत्र आलं. तीनच ओळी, पण अक्षर तुझंच. तुला तिथं धुलाईखान्यात घातलं हे वाचून मी आधी हसले आणि मग मला दुकान बंद करावं लागलं. 'ताई, इथली मशीनं चांगली आहेत' असं लिहिलंयस. हे तू मला टोमणा म्हणून लिहिलं असावंस असं मी मनाशी ठरवलंय, कारण टोमणा मारणारा माणूस अजून शाबूत असतो.

आता मी सांगते ते नीट वाच. मला लपवायचं काही उरलेलं नाही.

मंगळवारी धक्क्याला एक जहाज लागलं. नवं नाव, नवा रंग, कंपनीही नवीन. धुणं आलं. मी उशीचे अभ्रे मोजायला घेतले आणि कोपऱ्यात माझीच खूण. जुन्या जहाजाच्या अभ्र्यांवर मी न जाणाऱ्या शाईनं दोन आडव्या रेघा काढायचे, त्या. बिलावर कंपनीचं नाव वेगळं होतं. खालचा फोन नंबर तोच होता.

धुणं घेऊन त्यांचा थर्ड इंजिनिअर स्वतः आला होता. तुझ्याएवढा, तुझ्यासारखीच नखांत काळी रेघ. म्हणाला, "मावशी, बाकीचं सावकाश चालेल, पण माझा एक बॉयलर सूट आहे, तेवढा संध्याकाळपर्यंत द्या. संध्याकाळी सुटतोय आम्ही, आणि माझ्याकडे दुसरा नाही. हाही मागच्या माणसाचा आहे."

त्यानं तो पिशवीतून काढला. निळा. उजव्या गुडघ्याला बाबांच्या जुन्या कोटाच्या अस्तराचं ठिगळ. माझे टाके, भाऊ. छातीवरची तुझी पट्टी उसवून काढली होती, दोऱ्याची भोकं तेवढी राहिली होती. आणि गुडघ्याखाली, कोपराखाली, तोच काळा गाळ. तोच वास. किल्लीवाल्यानं परत दार लावलं.

मी त्या मुलाला बाकावर बसवलं. म्हटलं, "हा सूट माझ्या भावाचा आहे." तो उठून उभा राहिला. मी म्हटलं, "बस. पाइप अजून तिथंच आहे ना?"  त्याच्या चेहऱ्यावर सगळं आलं. मी म्हटलं, "हा मी धुणार नाही. तू इथंच थांब, मी आले."

सूट पिशवीत घालून मी बंदर अधिकाऱ्याकडे गेले. तो माणूस भला आहे, त्याच्या पोरांचे गणवेश मीच धुते. त्यानं पिशवी उघडून बघितली, वास घेतला, दार लावून घेतलं आणि मला पाणी दिलं. मला वाटलं, झालं, आता काहीतरी होईल.

"यांचं तेल आपल्या पाण्यात सांडलंय का?" त्यानं विचारलं.

"इथं नाही. बाहेर, समुद्रात."

"मग नुसत्या कपड्यावर मला जहाज अडवता येणार नाही, ताई. हा घालणारा माणूस माझ्यासमोर येऊन एकदा बोलू दे. आजच्या आज वर चढतो आणि तळापर्यंत तपासतो."

"आणि माझ्या भावाचं? हेच जहाज आहे, हाच पाइप आहे. तो एकट्यानं करत नव्हता, हे आता तरी दिसतंय ना?"

त्यानं पिशवीची गाठ परत मारली. "त्यांनी गुन्हा कबूल केलाय. कंपनीनं दंड भरलाय. ते प्रकरण मिटलं, ताई. आणि ती कंपनी तर आता कागदावरही नाही. ही दुसरी."

मी धावत परत आले. या वयात मी धावले. मनात एकच होतं, हा मुलगा बोलला तर निदान पुढचा तरी वाचेल. आणि कोण जाणे, त्यातून तुझंही काही उघडेल.

तो बाकावर तसाच बसलेला होता. मी त्याला सगळं सांगितलं, साहेबाचा सूट, माझं पत्र, तुझी सही. तो मधेच म्हणाला, "मला माहीत आहे मावशी. जहाजावर सगळ्यांना माहीत आहे. त्यांचं नाव कुणी घेत नाही, एवढंच."

"मग चल ना माझ्याबरोबर. अधिकारी चांगला आहे. पाच मिनिटं बोल."

"ते बोलले होते ना," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, खरंच विचारल्यासारखं. "त्यांनी खरं सांगितलं. काय झालं?"

  काय सांगू त्याला? सांग बघू, तू असतास तर काय सांगितलं असतंस?

मग त्याचा आवाज बदलला. "मावशी, माझ्या आईला दिसत नाही. घरी मीच आहे. तो सूट तुमच्याकडे राहिला आणि साहेबाला कळलं, तर मी संपलो. तुमच्या पाया पडू का? पडतो. पण तेवढा धुऊन द्या." आणि तो खरंच वाकला रे. मी त्याचे खांदे धरून उठवलं. खांदे तुझ्यासारखेच, हाडं लागतात.

तो संध्याकाळी येतो म्हणून गेला. मी सूट पुढ्यात घेऊन बसले. किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. झाकणाच्या डब्यात घालून मागच्या अंगणात पुरून ठेवावा, असंही मनात आलं. पण कुणासाठी ठेवायचा? ज्याच्यासाठी ठेवायचा त्याचं प्रकरण मिटलं, आणि ज्याचं मिटायचंय तो मला हात जोडून गेला. त्या तेलाखाली तुझ्या घामाचा वास अजून असेल म्हणून मी कॉलर नाकाशी धरली. नव्हता.

धुवायला घेतला. चमचा घेतला, ठेवला. रॉकेलची बाटली उघडली, बंद केली. मग मी मशीनवरची ब्लँकेटं उतरवली. एकेक करून खाली ठेवली, धूळ पुसली, नळी जोडली. तुझं मशीन. मशीननं तेल निघत नाही हे मी तुला भांडून भांडून सांगितलं होतं, आणि म्हणूनच सूट त्यात टाकला. म्हटलं, मी धुतलाही आणि डागही राहिला, असं होऊ दे. शिवणीत, ठिगळाखाली, कुठंतरी थोडा तरी राहू दे. उद्या त्या पोराच्या दाराशी पहारा बसला तर त्याच्या अंगावर पुरावा म्हणून काहीतरी असू दे. पावडरही मी मुद्दाम चिमूटभरच घातली.

यंत्र थांबलं. झाकण उघडलं. सूट उजेडात नेला, बाह्या उलट्या केल्या, ठिगळाची एक कड उसवून आत बघितलं.

सगळं निघालं होतं. मशीन चांगलं आहे रे, खटपट्या. तू म्हणत होतास तेच खरं होतं.

तुझी
ताई